हवा आरपार जाते त्या रस्त्याचं डांबर

सच्छिद्र रस्त्यातून काढलेला कोअर, म्हणजे यंत्राने कापून काढलेला गोल तुकडा, धुऊन वाळला की मी त्याच्या एका तोंडाकडून फुंकर मारते आणि दुसऱ्या तोंडाला तळहात धरते. हाताला हवा लागते. नेहमीच्या घट्ट डांबरी थराच्या कोअरवर कितीही जोर लावला तरी असं होत नाही, कारण त्यात पोकळी असते जेमतेम 3 ते 5 टक्के, आणि तीही सुटी सुटी. सच्छिद्र थरात पोकळी 20 टक्क्यांच्या घरात असते आणि बहुतेक छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात. पावसाचं पाणी वर न साचता आत उतरतं आणि खालच्या अभेद्य थरावरून कडेला निघून जातं. पुढच्या ट्रकच्या चाकांमागे तुषारांचा पडदा उभा राहत नाही, ओल्या रात्री समोरच्या दिव्यांची तिरीप डोळ्यांत जात नाही, टायरचा आवाजही तीन-चार डेसिबलनी उतरतो. भर पावसात अशा रस्त्यावरून गाडी चालवलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

पण पाणी जिथून जातं तिथूनच हवा येते, आणि डांबर म्हातारं होतं ते हवेने.

मी बाइंडरच्या, म्हणजे खडी बांधून ठेवणाऱ्या डांबराच्या, प्रयोगशाळेत काम करते. रस्त्यातून परत काढलेलं डांबर तपासायचं, ते किती आणि कसं बदललंय ते सांगायचं, हे माझं रोजचं काम. माझ्या टेबलावर येणारे सच्छिद्र थराचे तुकडे बहुतेक वेळा खडी सुटायला लागलेल्या रस्त्यांचे असतात. सोबतच्या पत्रात ठरलेलं वाक्य असतं: ‘डांबर कडक झाल्यामुळे खडी सुटत असावी, खात्री करावी.’ कडक झालेलं असतंच. पण निव्वळ कडकपणाने खडी सुटत नाही. डांबर आपल्यात साठलेला ताण हळूहळू सोडून देऊ शकतं, आणि म्हातारपणी त्याचा हा गुण जातो. खडी सुटते ती त्यामुळे. हा गुण आपण डांबर घेताना मोजत नाही, रस्ता ताब्यात घेताना मोजत नाही आणि दुरुस्ती ठरवतानाही क्वचितच मोजतो. हे मला नीट मांडायचं आहे, म्हणून आज थोडं लांबण लावणार आहे.

आधी थराची घडण. सच्छिद्र मिश्रणात जवळपास एकाच मापाची जाड खडी भरपूर असते, वाळू आणि भुकटी अगदी कमी. त्यामुळे खडीवर खडी टेकून एक सांगाडा तयार होतो आणि मधल्या जागा रिकाम्या राहतात. डांबर, बारीक वाळू आणि फिलर (दगडाची बारीक भुकटी) मिळून जो काळा लगदा होतो त्याला आम्ही मॉर्टर म्हणतो. घट्ट थरात प्रत्येक खडा या मॉर्टरमध्ये गळ्यापर्यंत पुरलेला असतो. सच्छिद्र थरात मॉर्टर असतं ते खडीवरच्या पातळ लेपात आणि दोन खडे जिथे टेकतात तिथल्या छोट्याशा पुलात. सगळ्यात वरच्या खड्याला तर वरून कुणाचाच आधार नाही. खालच्या आणि बाजूच्या शेजाऱ्यांशी असलेल्या चार-पाच पुलांवर तो उभा, आणि त्याच्यावरून दिवसाला हजारो चाकं जाणार. त्यातले दोन पूल तडकले की तो हलायला लागतो, हलला की उरलेले तुटतात. तो निघून गेला की शेजारच्याचा एक आधार कमी होतो. म्हणूनच खडी सुटायला लागलेला रस्ता सुरुवातीला कितीतरी दिवस ठीक दिसतो आणि मग एका मोसमात भराभर उखडतो.

आता त्या लेपाकडे आणि पुलांकडे जवळून बघू. डांबर हा एकजिनसी पदार्थ नाही. रसायनाच्या सोयीसाठी त्याचे चार गट करतात: सॅच्युरेट्स, अ‍ॅरोमॅटिक्स, रेझिन्स आणि अस्फाल्टीन्स. पहिले दोन तेलकट आणि हलके, शेवटचा जड, काळा, एकटा काढला तर ठिसूळ भुकटीसारखा. तेलकट भागात जड भाग नीट विखुरलेला असतो तोवर डांबर वाहू शकतं, ताणलं तर ताणलं जातं. हवेतला ऑक्सिजन आत शिरला की दोन ठिकाणी हात घालतो. अ‍ॅरोमॅटिक कड्यांना लागून असलेल्या कार्बनवर तो कीटोन तयार करतो, आणि गंधकावर सल्फॉक्साइड. इन्फ्रारेडच्या आलेखात हे दोन्ही स्पष्ट दिसतात, कार्बोनिलचा, म्हणजे कीटोनचा, उंचवटा 1700 प्रति सेंटिमीटरच्या आसपास आणि सल्फॉक्साइडचा 1030 च्या. आत आलेला ऑक्सिजन वजनाने किरकोळ असतो, पण त्याने रेणू ध्रुवीय होतात, एकमेकांना ओढायला लागतात, गोळा होतात. अ‍ॅरोमॅटिक्स घटतात, अस्फाल्टीन्स वाढतात. सॅच्युरेट्स जवळपास तेवढेच राहतात. जड भाग वाढला आणि त्याला विरघळवून ठेवणारा भाग घटला, की आतली सगळी हालचाल मंदावते.

या म्हातारपणाची सुरुवात रस्त्यावर होते असा अनेकांचा समज आहे. ती होते प्लांटवर. मिक्सरमध्ये दीडशे-पावणेदोनशे अंशांची खडी आणि डांबर एकत्र येतात तेव्हा डांबराचा खडीवर काही मायक्रॉनचा पापुद्रा बसतो. इतका पातळ पापुद्रा, इतकी उष्णता आणि भोवती हवा. डांबराच्या अख्ख्या आयुष्यात ऑक्सिडेशनला इतकी अनुकूल घडी पुन्हा येत नाही. ढोबळमानाने तापमान 10 अंशांनी वाढलं की अशा क्रियेचा वेग दुप्पट होतो, म्हणजे 165 च्या जागी 185 अंशांना मिश्रण केलं तर त्या काही मिनिटांत डांबर चौपट वेगाने म्हातारं होत असतं. प्लांटवर निळसर धूर दिसला की मी आधी तापमानाचा काटा बघते. दूर जायचंय, गार होईल, म्हणून जरा जास्त तापवून पाठवू, हा हिशेब मला आजवर कधीच पटलेला नाही. वाटेत गार होणार असेल तर ताडपत्री चांगली घाला, अंतर कमी करा, कमी तापमानाला चालणारं मिश्रण वापरा. डांबर जाळून अंतर कापू नका.

प्रयोगशाळेत या पहिल्या टप्प्याची नक्कल करायची सोय आहे. फिरत्या ओव्हनमध्ये काचेच्या बाटल्या असतात, प्रत्येकीत 35 ग्रॅम डांबर. 163 अंशांवर हवेचा झोत सोडत 85 मिनिटं त्या फिरवायच्या. युरोपीय मानकात 70/100 ग्रेडच्या डांबराला अशा चाचणीत आपलं पेनिट्रेशन (सुई किती रुतते यावरून मोजलेला मऊपणा) मूळच्या 46 टक्क्यांपर्यंत उतरवायची मुभा आहे. म्हणजे रस्त्यावर पहिली गाडी जायच्या आधीच निम्म्याहून अधिक मऊपणा गेला तरी डांबर नियमात बसतं. हे चूक आहे असं मी म्हणत नाही, ती प्रक्रियाच तशी आहे. पण ज्याच्या भरवशावर रस्ता उभा राहणार ते डांबर टाकीतल्या नमुन्यातलं नव्हे, हे यावरून लक्षात यावं.

दुसरा टप्पा रस्त्यावरचा, आणि सच्छिद्र रस्त्याची वाट इथे वेगळी होते. घट्ट थरात ऑक्सिजन वरच्या एखाद-दोन सेंटिमीटरपर्यंत जोरात काम करतो, खालचं डांबर बरंच वाचतं. सच्छिद्र थरात ‘खालचं’ असं काही नसतंच. 50 मिमी जाडीच्या थराच्या कोअरचे आम्ही करवतीने तीन काप करतो, वरचा, मधला आणि खालचा. प्रत्येक काप वेगळा डायक्लोरोमिथेनमध्ये भिजवायचा, काळं द्रावण सेंट्रिफ्यूजमधून काढून त्यातली भुकटी बाजूला करायची, मग फिरत्या बाष्पकावर निर्वातात द्रावक उडवून लावायचं. शेवटची दहा-पंधरा मिनिटं घाई करून चालत नाही. द्रावक जरासं मागे राहिलं तरी डांबर खोटं मऊ दिसतं आणि सगळी मेहनत फुकट जाते. फ्लास्कच्या तळाशी शेवटी जे उरतं ते तिन्ही कापांत इतकं सारखं असतं की नावाच्या चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या तर ओळखणं अवघड. वरचा काप थोडा अधिक गेलेला असतो, तिथे ऊन आणि उष्णता जास्त म्हणून, पण खालचाही तरुण नसतो. सात-आठ वर्षं जुन्या थरातल्या डांबराचं पेनिट्रेशन 20 च्या आसपास आलेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे. ही चाचणी अगदी साधी: 25 अंशांच्या डांबरात 100 ग्रॅम वजनाची सुई 5 सेकंदांत किती रुतते, ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजायचं. 20 म्हणजे दोनच मिलिमीटर.

अतिनील किरणांचा मुद्दा नेहमी निघतो. डांबर इतकं काळं की ते किरण वरच्या काही मायक्रॉनांतच थांबतात. वरच्या खड्यांच्या माथ्यावरचा लेप ते खराब करतात, पण तो तसाही चाकांनी घासून काही महिन्यांत जातो. आतल्या पुलांचं म्हातारपण उन्हाच्या प्रकाशापेक्षा उन्हाच्या तापाने येतं, आणि काळा पृष्ठभाग उन्हात 60 अंशांच्या वर सहज जातो.

हे म्हातारपण सरळ रेषेत वाढत नाही. पहिल्या काही वर्षांत झपाट्याने, मग संथपणे. म्हणून पाचव्या वर्षी मोजून, पहिल्या पाच वर्षांत एवढं झालं तर पुढच्या पाचांत तेवढंच होईल, असा त्रैराशिकाचा हिशेब मांडता येत नाही. कडकपणाची चढण मंदावते, पण रस्त्याची सहनशक्ती संपत आलेली असते. डांबर फारसं बदलत नाही आणि खडी मात्र सुटायला लागते, हे कोडं त्यामुळेच पडतं.

आता मूळ मुद्दा. कडक असणं हा स्वतः दोष नाही. कडक ग्रेडची डांबरं मुद्दाम बनवतात आणि जाड घट्ट थरांत ती उत्तम काम देतात. सच्छिद्र थरातल्या त्या चिमुकल्या पुलाला काय सोसावं लागतं ते पाहा. चाक खड्यावरून जातं तेव्हा पुलावर ताण येतो, तोही क्षणभर. चाक निघून गेलं की डांबर आतल्या आत सरकून उरलेला ताण जिरवतं, पुढच्या चाकासाठी मोकळं होतं. रात्री थर गार होतो. डांबर खडीपेक्षा कितीतरी पट जास्त आकसतं, पण खडीला चिकटलेलं असल्यामुळे त्याला आकसू दिलं जात नाही, मग ताण साठतो. तरुण डांबर तो ताण रात्रभरात वाहून टाकतं. म्हाताऱ्या डांबराला तेच करायला कैकपट वेळ लागतो. तेवढा वेळ मिळायच्या आत पहाटेचे ट्रक येतात आणि साठलेल्या ताणावर नवा ताण बसतो. खिडकीच्या काचेभोवतीची जुनी लांबी आठवा. तीही तेल हवेने सुकून अशीच होते, काच हलली की ती तिच्याबरोबर हलत नाही, तडकून खाली पडते.

रस्ता कशामुळे जातो याचा सगळ्यात बोलका पुरावा नेदरलँड्समध्ये मिळतो. तिथले बहुतेक सगळे महामार्ग सच्छिद्र थराचे आहेत, त्याला ते ‘झोआब’ म्हणतात. ट्रक चालतात ती उजवी मार्गिका साधारण 10 ते 12 वर्षांत नव्याने करावी लागते, डावीकडच्या वेगवान मार्गिका त्याहून काही वर्षं जास्त टिकतात. डांबर तेच, हवा तीच, ऊन-पाऊस तोच. म्हणजे म्हातारपण दोन्हीकडे सारखं, फक्त ताणाच्या फेऱ्या कमी-जास्त. आणि 2009-10 च्या कडक हिवाळ्यात तिथे कित्येक ठिकाणी खडी इतक्या वेगाने सुटली की तातडीच्या दुरुस्त्या हाती घ्याव्या लागल्या. आदल्या उन्हाळ्यात ते डांबर जेवढं म्हातारं होतं, थंडीतही तेवढंच होतं. थंडीने फक्त त्याला ताण सोडायला वेळ दिला नाही. मला वाटतं, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की म्हातारपण एकटं रस्ता मारत नाही, ते रस्त्याला मरण्याजोगा करून ठेवतं, हे सहज दिसतं.

ही ताण सोडण्याची क्षमता मोजता येते, आणि बरीच वर्षं येते आहे. अमेरिकेत 1987 ते 1993 या काळात रस्त्यांवर एक मोठा संशोधन कार्यक्रम झाला, त्यातून आजची बरीच उपकरणं आली. त्यातलं मला सगळ्यात प्रिय आहे ते बेंडिंग बीम रिओमीटर. डांबराची बोटभर लांब पट्टी थंड द्रवात दोन टेकूंवर ठेवायची, मधोमध साधारण 100 ग्रॅमचा भार टाकायचा आणि 240 सेकंद ती किती वाकते ते पाहायचं. 60 व्या सेकंदाला दोन आकडे घ्यायचे. एक, पट्टी किती कडक आहे, ते 300 मेगापास्कलच्या वर नको. दुसरा, ती कडकपणा किती वेगाने सोडते आहे, त्याला एम-मूल्य म्हणतात, ते 0.300 च्या खाली नको. प्रत्येक आकड्यासाठी ज्या तापमानाला मर्यादा गाठली जाते ते दोन तापमान काढून पहिल्यातून दुसरं वजा केलं की मिळतो तो डेल्टा टीसी. नव्या चांगल्या डांबरात हा फरक शून्याच्या आसपास असतो. डांबर म्हातारं होतं तसा तो उणे होत जातो, म्हणजे कडकपणाच्या आधी ताण सोडण्याच्या परीक्षेत ते नापास होऊ लागतं. उणे 5 च्या खाली गेलं की तडे जाण्याची धास्ती धरायची.

दोन वेगवेगळ्या कच्च्या तेलांतून आलेली डांबरं टाकीत अगदी एकसारखी असू शकतात. पेनिट्रेशन तेच, मृदुबिंदू तोच, चिकटपणाही जवळपास तोच. दोन्ही रस्त्यावरच्या म्हातारपणाची नक्कल करणाऱ्या दाबाच्या भांड्यात ठेवा, 2.1 मेगापास्कल हवा, 100 अंश, 20 तास. बाहेर काढल्यावर एकाचा डेल्टा टीसी उणे 1 येतो, दुसऱ्याचा उणे 7. पहिल्या चाचणीच्या कागदावर या फरकाचा मागमूस नसतो. माझ्या दृष्टीने सच्छिद्र रस्त्यासाठी डांबर निवडताना याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी नाही.

शिवाय ते 20 तास नेहमीच्या घट्ट थराचा विचार करून ठरवलेले आहेत. सच्छिद्र थरातलं डांबर ती पातळी त्या मानाने फार लवकर गाठतं. म्हणून बरेच अभ्यासक भांड्यात 40 तास ठेवतात, किंवा न दाबलेलं सुटं मिश्रण 95 अंशांच्या ओव्हनमध्ये कित्येक दिवस पसरून ठेवतात. आणखी तापवून दिवस वाचवायचा मोह होतो, पण 100 च्या वर गेलं की सल्फॉक्साइड तुटायला लागतात आणि रस्त्यावर घडतं त्यापेक्षा वेगळंच रसायन हाती येतं. म्हातारपणाची नक्कल करायला धीर लागतो.

डांबराचं डांबराला, पण मिश्रणाचं काय? त्यासाठी स्पेनमधून आलेली कांताब्रो चाचणी आहे, आणि ती मला तिच्या रांगडेपणामुळे आवडते. दाबून केलेला गोल नमुना वजन करून लॉस एंजेलिस यंत्राच्या पोलादी पिंपात टाकायचा. खडीच्या चाचणीत घालतात ते पोलादी गोळे इथे नाहीत, नमुना एकटाच. 300 फेरे. पहिल्या 50 फेऱ्यांत नमुन्याच्या कडा जातात, तेव्हा आवाज भरीव, बोथट असतो. चांगला नमुना शेवटपर्यंत तसाच वाजतो. म्हाताऱ्या डांबराचा नमुना शंभराच्या आसपास सूर बदलतो, मधेमधे कोरडा खडखडाट ऐकू येतो, म्हणजे सुटे खडे पिंपाच्या भिंतीवर आपटायला लागलेले असतात. शेवटी जे उरलं त्याचं वजन करायचं आणि किती टक्के गेलं ते काढायचं. अमेरिकन मानकात नव्या नमुन्याला 20 टक्क्यांपर्यंत आणि ओव्हनमध्ये म्हाताऱ्या केलेल्या नमुन्याला 30 टक्क्यांपर्यंत झीज चालते. आमचे तंत्रज्ञ काका हे यंत्र माझ्याही आधीपासून चालवतात. एकदा रस्त्यातून काढलेला कोअर पिंपात टाकायच्या आधीच त्यांनी माझ्यासमोर धरला आणि अंगठ्याने कडेचा खडा ढकलला. खडा निघाला. “मॅडम, याला फिरवायचं कशाला?” खड्याच्या पाठीवरचं डांबर चकचकीत तुटलेलं होतं, काचेचा टवका उडावा तसं. लेप खडीलाच चिकटून होता, तुटला होता तो मॉर्टरचा पूल. अशी तूट दिसली की दोष चिकटण्यात नाही, डांबराच्या अंगात आहे, हे नक्की.

कधीकधी उलटं दिसतं. खडा स्वच्छ, दगडाचा रंग उघडा, डांबर सगळं मागे राहिलेलं. तिथे पाण्याने काम केलेलं असतं. सच्छिद्र थर पावसानंतर कितीतरी वेळ आतून ओला राहतो, आणि डांबरातले काही आम्लधर्मी घटक खडीला घट्ट चिकटत असले तरी पाणी त्यांना तितक्याच सहज दूर सारतं. म्हातारपण आणि पाणी हे वेगळे रोग म्हणून शिकवले जातात. रस्त्यात ते एकमेकांना हात देतात. तडकलेल्या पुलात पाणी शिरायला जागा मिळते, पाण्याने सुटलेल्या लेपाला हवा दोन्ही बाजूंनी मिळते.

उपाय विचारतात तेव्हा माझं पहिलं उत्तर जाड लेप हे असतं. ऑक्सिजनला जितकं आत जावं लागेल तितका वेळ मिळतो. पण डांबर नुसतं वाढवलं तर ते गरम असताना खडीवरून ओघळून ट्रकच्या तळाशी जमा होतं, वरचा भाग उपाशी राहतो. म्हणून मिश्रणात साधारण 0.3 टक्के सेल्युलोजचे तंतू घालतात, ते डांबराला धरून ठेवतात. नेदरलँड्समध्ये पूर्वी खडीच्या वजनाच्या 4.5 टक्के डांबर असे, पुढे ओघळणं थांबवणारे पदार्थ घालून ते 5.5 टक्क्यांच्या आसपास नेलं. एक टक्का फार वाटत नाही, पण लेपाच्या जाडीत तो जवळपास पाचव्या हिश्श्याची भर घालतो.

दुसरं, विरलेला चुना. फिलरचा काही भाग काढून त्याजागी मिश्रणाच्या एक-दोन टक्के चुना घातला तर तो डांबरातल्या आम्लधर्मी घटकांना बांधून ठेवतो. त्याने म्हातारपण मंदावतं आणि पाण्यापुढे चिकटणंही टिकतं. इतका साधा, जुना आणि सर्वत्र मिळणारा पदार्थ असूनही तो निविदेतून गळतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पॉलिमरबद्दल थोडं जपून बोलावं लागतं. एसबीएस हा रबरासारखा पॉलिमर घातलेलं डांबर सुरुवातीला सुरेख ताणलं जातं, आणि जपानने आपले द्रुतगती मार्ग सच्छिद्र केले ते पॉलिमरने अतिशय दाट केलेल्या डांबराच्या बळावर. पण पॉलिमरही म्हातारा होतो, फक्त उलट्या दिशेने. डांबराचे रेणू गोळा होत जड होतात, एसबीएसच्या साखळ्या ऑक्सिजनने तुटून तोकड्या होतात. त्यामुळे नुसतं पेनिट्रेशन मोजलं तर दोन्ही बदल एकमेकांना झाकतात आणि डांबर आहे त्यापेक्षा तरुण वाटतं. न्यूझीलंडने 2007 मध्ये क्राइस्टचर्चला इपॉक्सी मिसळलेल्या डांबराचा सच्छिद्र थर करून बघितला. ती वाट महाग आहे, पण विचार मला आवडतो. बाइंडरचा सांगाडाच रासायनिक बंधांनी पक्का करायचा, म्हणजे ऑक्सिडेशनचं भय कमी.

आणि आधीच अंथरलेल्या रस्त्यांसाठी फवारणी. तेलकट पुनरुज्जीवकाचं पातळ इमल्शन वरून फवारायचं, ते छिद्रांतून खाली झिरपतं आणि लेपावर, पुलांवर नवा थर देतं. प्रमाण नेमकं राखलं तर छिद्रं बुजत नाहीत. काही दिवस रस्ता निसरडा राहतो, म्हणून वेगमर्यादा लावावी लागते. यात वेळेला सगळं महत्त्व आहे. खडी जागेवर असताना, पूल तडकायला लागलेत पण तुटले नाहीत अशा वेळी फवारलं तर रस्ता आणखी काही वर्षं देतो. खडी गेल्यावर फवारलेलं द्रव्य रिकाम्या खळग्यात जातं. दुर्दैवाने पैसे मंजूर होतात ते खडी गेल्यावर, कारण तोवर डोळ्यांना काही दिसत नाही. दिसायच्या आधी कळायचं असेल तर कोअर काढून डांबर तपासावंच लागतं. त्यासाठी डीएसआर या, डांबर पिळून त्याचा कडकपणा मोजणाऱ्या यंत्रात 15 अंशांना, अगदी संथ गतीने डांबर पिळून काढलेला ग्लोव्हर-रो हा आकडा मला उपयोगी वाटतो. मूळ हिशेब घट्ट रस्त्यांचा आहे, तिथे 180 किलोपास्कलला तडे सुरू होतात आणि 600 ला ते ठळक होतात असं धरतात. सच्छिद्र थरासाठी मी तेच आकडे जसेच्या तसे लावत नाही. पण एकाच रस्त्याचा दर दोन वर्षांनी काढलेला हा आकडा कसा चढतोय ते पाहिलं की फवारणीचं वर्ष ठरवायला मदत होते.

कुणी कोअर पाठवणार असाल तर एवढं करा. एक चाकाच्या पट्ट्यातला आणि एक दोन पट्ट्यांच्या मधला, दोन्ही एकाच मार्गिकेतले. खडी सुटलेल्या जागेतला नको, तिच्या अलीकडच्या, दिसायला धड असलेल्या जागेतला. वाळवायला ओव्हनमध्ये किंवा उन्हात ठेवू नका, सावलीत पंख्याखाली वाळवा, मग अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळा. रस्ता कोणत्या महिन्यात अंथरला आणि प्लांटवरचं तापमान किती होतं ते लिहा. आणि अंथरणीच्या दिवशीच्या डांबराचा लिटरभर डबा कुणी जपून ठेवला असेल तर तो जरूर जोडा, कारण तो असला तर मला फक्त आजचा आकडा नाही, तो कुठून निघून इथवर आला तेही सांगता येतं.